चाक नाही, ग्लेझ नाही, पेंट तर नाहीच : ओडुंडोबाईंच्या पद्धतीने काळं मडकं घरी कसं करायचं

माझ्या हॉलमधल्या शेल्फवर एक काळं मडकं आहे, वीतभर उंच, मान जरा एका अंगाला कललेली, आणि घरी येणारं प्रत्येक माणूस ते हातात घेतलं की एकच विचारतं, कुठला पेंट मारलाय गं? पेंट नाहीये. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, तो पण नाही. लाल माती आहे, गोट्याने घोटलेली आणि भुशाच्या धुरात काळी झालेली, बास. मग पुढचा प्रश्न येतो की कसं केलं, आणि ते चहा संपेपर्यंत सांगून होत नाही, म्हणून शेवटी लिहूनच काढतेय.

पद्धत माझी नाही हे आधीच सांगते. मॅग्डलीन ओडुंडो नावाच्या बाई आहेत, १९५० साली नैरोबीत जन्मलेल्या, शाळेची सुरुवातीची काही वर्षं चक्क भारतात काढलेल्या. केनियात कमर्शियल आर्ट शिकल्या, १९७१ ला इंग्लंडला केंब्रिजला गेल्या आणि तिथे मातीच्या नादी लागल्या. १९७४-७५ मध्ये नायजेरियात अबुजाच्या पॉटरी ट्रेनिंग सेंटरला गेल्या आणि तिथल्या ग्वारी जमातीच्या बायकांची हाताने मडकं उभं करायची रीत शिकल्या. लाडी क्वाली ही प्रसिद्ध कुंभारीण त्याच सेंटरमधली, नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला मडकं घडवताना दिसते ती. (आपल्या नोटेवर कुंभारीण कधी येणार देव जाणे.) या रीतीत चाक नसतं. मडकं जागेवर बसलेलं असतं आणि बाई त्याच्याभोवती गोल फिरते. पुढे ओडुंडो अमेरिकेत न्यू मेक्सिकोला सॅन इल्डेफोन्सो या गावीही गेल्या, तिथली काळी घोटीव भांडी बघायला. तिथे आच पेटलेली असतानाच वरून सुक्या शेणाची पूड टाकून हवा कोंडतात आणि भांडं काळं करतात. शेणाचा एवढा डोकेबाज वापर ऐकून मला तर आपलेपणाच वाटला.

आज त्यांची मडकी ब्रिटिश म्युझियममध्ये काचेत ठेवलेली आहेत, २०२० साली त्यांना ब्रिटनचा डेम हा किताब मिळाला. पण करतात त्या तेच, गोळा, वळ्या, घोटणं, आग. एकदा भाजलं की नारिंगी-लाल होतं, आणि काळं हवं असेल तर दुसऱ्यांदा हवा कोंडून भाजायचं. ही युक्ती फार म्हणजे फारच जुनी. इजिप्तमध्ये पिरॅमिड नव्हते तेव्हा, इसवी सनपूर्व ४००० च्या आसपास, लोक खाली लाल आणि काठाला काळी अशी घोटीव भांडी करत होते. आणि लांब कशाला जायचं, विदर्भात माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांच्या उत्खननात निघालेली काळी-तांबडी खापरं याच हवेच्या खेळातली आहेत. नागपूरला गेलात तर म्युझियममध्ये जवळून बघा.

आता कामाला लागू.

माती. शाडू नको. गणपती वाळवून रंगवायला शाडू झकास, पण भाजायला त्याच्यावर भरवसा नको. जवळच्या कुंभारवाड्यातून मडक्यांची तयार तुडवलेली लाल माती आणा, पहिल्या दोन-तीन मडक्यांना ५ किलो पुरते. त्यात साधारण अर्धा किलो खापराची पूड घाला, म्हणजे फुटक्या कुंडीचे तुकडे खलबत्त्यात कुटून मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यायचे. खापराची पूड का, तर वाळताना माती आकसते, आणि ही आधीच भाजलेली पूड आकसत नाही, त्यामुळे तडे कमी जातात. पण चाळणी बारीकच हवी, मी पहिल्यांदा रव्याच्या चाळणीने चाळलं आणि नंतर घोटताना एकेक खडा वर येऊन रेघोट्या ओढत बसला, तीन तासांचं काम वाया. कणकेसारखी मळा, कणकेपेक्षा जास्त मळा, तारेने मधोमध कापून बघा, आत एकही हवेचा फुगा दिसता कामा नये.

पहिलं मडकं १५-१६ सेंटीमीटरच्या वर नेऊ नका. मोह होतो, मला माहितीये. नका नेऊ.

एका वाडग्यात जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरा, त्यावर सोललेल्या नारळाएवढा गोळा ठेवा, मधोमध मूठ घालून खड्डा करा आणि आतून बोटांनी माती वर वर ओढत न्या. हे झालं बूड आणि पोटाचा खालचा भाग. मग अंगठ्याएवढ्या जाड वळ्या करून काठावर एकेक चढवायची, आतल्या बाजूने माती खाली पुसायची, बाहेरून वर पुसायची, सांधा दिसायलाच नको. इथे खरंच ग्वारी बायकांसारखं करा, स्टूल मध्यभागी ठेवा आणि स्वतः फिरा. सोसायटीच्या गच्चीवर स्टुलाभोवती उलटं चालणारी बाई बघून लोक काय म्हणतील ते म्हणू दे, पण मडकं हातात फिरवलं की हात एका जागी राहतो आणि डोळ्यालाही एकच बाजू दिसत राहते, तेच स्वतः फिरलात की आकार सगळीकडून दिसतो आणि कुठे पोट सुटलंय कुठे खांदा पडलाय ते लगेच कळतं.

तीन वळ्या झाल्या की थांबा. अर्धा तास, पाऊण तास, जरा टणक होऊ दे, फक्त काठावर ओलं फडकं ठेवा. घाई करून पाच-सहा वळ्या एकदम चढवल्या की पोट बसतं, म्हणजे अक्षरशः खाली बसतं, दमलेल्या माणसासारखं. भिंतीची जाडी ६ ते ८ मिलिमीटर ठेवा, सुई टोचून बघता येते. ओडुंडो खरवडायला भोपळ्याच्या कवचाचे तुकडे वापरतात, आपल्याकडे नारळाची करवंटी आहे, तिचा एक तुकडा फरशीवर घासून कड सरळ करून घ्या, याच्याइतकं मस्त हत्यार दुकानात मिळत नाही. पोटाची गोलाई आणि करवंटीची गोलाई जुळते ना, म्हणून.

आकाराबद्दल एक सांगते आणि हे माझं मत आहे. नेटवर ओडुंडोंच्या मडक्यांचे फोटो बघून तस्साच आकार काढायला जाऊ नका. त्यांच्या मडक्यांना पोट असतं, लांब मान असते, फाकलेलं तोंड असतं, कधी पाठीच्या मणक्यासारखे बारीक उंचवटे, कधी बेंबीसारखा एखादाच, आणि बघताना वाटतं की कुणीतरी बाई उभी आहे, गरोदर, मान वळवून. ते त्यांच्या डोळ्यातलं आहे. त्यांनी स्वतः ग्वारी घागरीची कॉपी केली नाही, रीत घेतली. तुम्ही पण रीत घ्या. मी माझ्या आज्जीची बसायची ढब डोक्यात ठेवली होती, एक खांदा जरा वर. कुणाला कळत नाही, पण मला कळतं.

आता घोटणं. सगळ्या व्हिडिओंमध्ये हा भाग वीस सेकंदात फास्ट फॉरवर्ड करून दाखवतात आणि मग भट्टीच्या ज्वाळा दाखवतात, कारण ज्वाळा बघायला भारी वाटतात. प्रत्यक्षात मडकं जमणार की नाही हे इथेच ठरतं.

नदीतला एखादा गुळगुळीत गोटा घ्या, सुपारीपेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान, कुठेही टवका उडालेला नको. सोनारकाम करणाऱ्यांकडचा अकीक मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर स्टीलच्या चमच्याची पाठ चालते, फक्त कधी कधी करड्या रेघा सोडते. मडकं चामड्यासारखं झालं पाहिजे, म्हणजे नखाने दाबलं तर खूण उठते पण बोट दाबलं तर खड्डा पडत नाही. त्याच्या आधी घोटायला घेतलं तर माती गोट्याला चिकटून ओरखडे येतात, त्याच्या नंतर घेतलं तर गोटा नुसता करकरतो आणि पांढुरकी पूड पडते. ही वेळ पुण्यात उन्हाळ्यात तीन-चार तासांत येते आणि तेवढ्यातच निघून जाते, पावसाळ्यात दोन दिवस लागतात. आवाज ऐका, मी खरंच सांगतेय. बरोबर वेळ असेल तर गोट्याचा आवाज येत नाही, हलकीशी सळसळ येते, रेशमी साडीच्या निऱ्या हलल्यासारखी.

हाताच्या तळव्याएवढा भाग घ्या. आधी आडवं घोटा, मग उभं, मग तिरकं. जोर नको, वजन हवं, या दोन्हीत फरक आहे आणि तो मला चौथ्या मडक्याला कळला. जोर लावला की गोट्याच्या कडेने नाल्या पडतात. होतं काय की मातीचे कण पापुद्र्यासारखे चपटे असतात, वेडेवाकडे उभे-आडवे पडलेले, गोट्याने ते दाबून एका पातळीत झोपतात आणि मग उजेड त्यांच्यावरून सरळ परततो. चमक म्हणजे एवढंच. वरून काही लावलेलं नाही, मातीलाच झोपवलंय. वीतभर मडक्याला एका फेरीला दोन-अडीच तास लागतात आणि फेऱ्या किमान तीन, कारण सुकताना माती आकसते आणि कण परत थोडे उठतात, चमक उतरते, परत घोटायचं. मानेच्या आणि खांद्याच्या बेचक्यात गोटा पोचत नाही, तिथे मी जुन्या टूथब्रशच्या दांड्याचं टोक वापरते. टीव्हीसमोर बसून करता येतं. क्रिकेटच्या टेस्ट मॅचला उत्तम.

मग सावलीत पूर्ण सुकू द्या आणि त्यावर पातळ मातीचा लेप. याला टेरा सिजिलाटा म्हणतात, नाव रोमन भांड्यांवरून आलंय, पण अतिबारीक मातीच्या लेपाची ही आयडिया ग्रीकांच्या काळ्या-लाल चित्रांच्या भांड्यांवर आधीच होती. १ लिटर पाण्यात ४०० ग्रॅम सुक्या लाल मातीची पूड आणि २ ग्रॅम सोडियम सिलिकेट (याने मातीचे बारीक कण पाण्यात सुटे राहतात) घालून ढवळा आणि पारदर्शक बरणीत २० तास ठेवा, हलवू नका, उचलून बघू नका, मुलांना हात लावू देऊ नका. तीन थर दिसतील, वर जवळजवळ नुसतं पाणी, खाली गाळ, आणि मध्ये दुधासारखं जे आहे ते आपल्याला हवंय. वरचं पाणी काढून टाका, मधलं बारीक नळीने दुसऱ्या भांड्यात ओढून घ्या, गाळ फेका. फार पातळ वाटलं तर उघडं ठेवून थोडं आटू द्या. मऊ ब्रशने दोन-तीन पातळ हात मारा. पहिला हात मारला की तुमची तीन दिवसांची चमक गायब होईल आणि पोटात गोळा येईल. घाबरू नका, हात जरासा ओढला की लगेच मऊ कपड्याने किंवा बोटावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून घासा, आधीपेक्षा दुप्पट चमक येते.

वाळवणं मी मुद्दाम वेगळं सांगतेय कारण माझं पहिलं मडकं यातच गेलं. जुलै महिना, बाहेरून खडखडीत वाटत होतं, आठच दिवस झाले होते आणि मला धीर नव्हता. कुंभारमामांनी हातात घेतलं, गालाला लावलं आणि म्हणाले, "ताई, थंड लागतंय, आत पाणी आहे अजून." मी म्हटलं, "मामा, बघू तर काय होतंय." झालं काय, तासाभरात भट्टीतून फाट्‌ असा आवाज, आणि शेजारच्या त्यांच्या दोन पणत्यांच्या चळती पण माझ्या मडक्याने फोडल्या. पैसे घेतले नाहीत त्यांनी, ते जास्त लागलं. आत राहिलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा मिळत नाही, आणि भिंतच उडते. तर गालाला लावून बघा. थंड लागलं तर ओलं. उन्हाळ्यात दहा दिवस, पावसाळ्यात तीन आठवडे, आणि भाजायच्या आदल्या दिवशी कडक उन्हात ठेवा किंवा ओव्हन असेल तर ९० डिग्रीला चार-पाच तास.

पहिली भाजणी घरी करायच्या फंदात पडू नका. कुंभारांच्या भट्टीत किंवा एखाद्या स्टुडिओच्या इलेक्ट्रिक भट्टीत द्या. स्टुडिओत दिलं तर एक गोष्ट आवर्जून सांगायची, १००० डिग्रीच्या वर नेऊ नका, मी तर ९५० सांगते. त्याच्या वर मातीचे कण वितळू लागतात, पातळी बिघडते आणि सगळं घोटकाम पाण्यात जातं. आणि सुरुवातीला आच हळू वाढवा, ५७३ डिग्रीच्या आसपास मातीतल्या गारेचे कण एकदम फुगतात, थंड होताना त्याच टप्प्यावर एकदम आकसतात, तिथे घाई केली की बारीक केसासारखा तडा जातो. भट्टीतून निघेल ते लाल मडकं, वीटकरीपेक्षा जरा उजळ. काही जणांना तेच आवडतं आणि ते तिथेच थांबतात, ओडुंडोंची पण कितीतरी मडकी लालच आहेत. थांबायचं तर थांबा.

काळं हवं असेल तर १५ लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा लागेल, वरचं तोंड पूर्ण कापलेला. कडा वाकवून घ्या, हात कापतो. खालच्या बाजूला चारही अंगांना खिळ्याने दोन-दोन भोकं पाडा. सुताराकडून लाकडाचा भुसा आणा, पण विचारून आणा, सागाचा किंवा बाभळीचा असा सरळ लाकडाचाच हवा, प्लायवूड आणि एमडीएफचा अजिबात नको, त्यातल्या डिंकाचा धूर विषारी असतो. भुसा सुका हवा. तळाला चार बोटं जाडीचा थर दाबून घाला, मडक्याच्या आत पण भुसा भरा, मडकं मधोमध ठेवा, आणि बाजूंनी कमीत कमी तीन बोटं भुसा येईल असं बघून वरपर्यंत भरत या. मडकं पत्र्याला टेकलं तर तिथे डाग राहणार, लिहून घ्या. सगळ्यात वर वर्तमानपत्राचे बोळे आणि बारीक काटक्या, आणि पेटवा. वरचा थर नीट लाल धगधगू लागला की वर लोखंडी तवा उलटा ठेवा, एका बाजूला बोटभर फट सोडून. ज्वाळा नकोत आपल्याला, धुमसणं हवंय. भुसा वरून खाली हळूहळू जळत जातो, आठ-दहा तास सहज. अर्ध्याहून खाली गेला की फट आणि भोकं ओल्या मातीने लिंपून टाका.

आता आत काय चाललंय. लाल रंग म्हणजे मातीतलं लोह, भरपूर हवेत गंजासारखं लाल झालेलं. हवा कोंडली की भुशाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, काजळी तयार होते आणि ती मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसते. आच जास्त असेल, जशी ओडुंडोंच्या गॅसच्या भट्टीत असते, तर मातीतल्या लोहातूनही ऑक्सिजन खेचून घेतला जातो आणि ते लोहच काळं पडतं. आपल्या डब्यात तेवढी आच येत नाही, आपला काळा रंग मुख्यतः काजळीचा. दिसायला फरक कमी, पण त्यांच्या काळ्यात एक खोली असते ती आपल्या डब्यात येत नाही, खोटं कशाला बोलू.

धुराचं बघा. मी पहिल्यांदा गच्चीवर केलं आणि सेक्रेटरीकाका चौथ्या मजल्यावरून धापा टाकत वर आले, त्यांना वाटलं पाण्याच्या टाकीची मोटर जळली. आता मावशीच्या शेतावर करते. मोकळी जागा, मास्क, बाजूला पाण्याची बादली, आणि वारा असेल त्या दिवशी करूच नका, एक तर धोका आणि दुसरं म्हणजे वाऱ्याने एका अंगाला हवा जास्त जाते आणि तेवढाच भाग तपकिरी राहतो. माझ्या शेल्फवरच्या मडक्यावर तसा एक डाग आहे, बरोबर वर असलेल्या खांद्यावर. आधी वाईट वाटलं होतं, आता पाहुणे तोच निरखतात.

उघडायची घाई नको. पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, तवा हलवायचा नाही. गरम असताना हवा लागली की काळं भरभर परत लाल होऊ लागतं, आणि मडकं तडकायची भीती वेगळीच. बाहेर काढल्यावर राखेने माखलेलं, बावळट दिसतं. कोरड्या मऊ फडक्याने पुसत राहा, साबण नाही, पाणी नाही. किंचित कोमट करून मधमाश्यांचं मेण अगदी बोटभर लावून घासलं तर बरं दिसतं, न लावलं तरी चालतं.

हे मडकं पाण्याचं नाही. छिद्रं उघडीच आहेत, पाणी भरलं तर झिरपेल आणि चमक जाईल, खायचं तर त्यात काहीच ठेवू नका. सुकी फुलं ठेवा, नाहीतर नुसतंच ठेवा.

आणि एखादं मडकं फुटलंच, फुटणारच आहे, तर फेकू नका. त्यातला एक काळा तुकडा चिमट्यात धरून गॅसच्या ज्वाळेवर दहा मिनिटं धरा, चष्मा घालून, कारण कधी कधी टवका उडतो. ज्वाळा जिथे लागते तिथली काजळी जळून जाते आणि मधोमध रुपयाएवढा लाल ठिपका उमलतो, कडेने तपकिरी, त्याच्याबाहेर काळा. माझा तसला तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीत मिठाच्या बरणीशेजारी आहे, आणि पेंट कुठला विचारणाऱ्यांना आता मी तोच हातात देते.